इंजिनाची इंद्रिये

अपरिचित वस्तूचे नाव विचारणे हा मनुष्यस्वभाव आहे. लहान मूल बोट दाखवून "हे काय?" असे विचारते, आणि उत्तरादाखल एखादे नाव मिळाले की त्याचे समाधान होते, त्या नावाने वस्तूविषयी काही कळले किंवा नाही, याची चौकशी ते करीत नाही. वयाने वाढलेल्या आपणां सर्वांचेही बहुधा असेच चालते. वैद्याने दुखण्याचे लांबलचक नाव उच्चारले की रोग्यास निम्मे बरे वाटू लागते. परंतु जिचे नाव आपणांस ठाऊक नाही, ते खात्रीने सांगणारा कोणी जवळ नाही, आणि ते न कळल्यास पदरचे पैसे बुडावयाचे आहेत, अशा वस्तूशी गाठ पडली म्हणजे 'ओळखणे' या साध्या क्रियापदात केवढा अर्थ भरला आहे हे ध्यानात येऊ लागते. गेल्या चैत्रात आमच्यावर असा प्रसंग आला. ती वस्तू म्हणजे एका जुन्या मालमोटारीच्या इंजिनावर जागोजागी बसविलेली, बोटाएवढी, काळीकुळकुळीत उपकरणे. त्यांस हल्ली लहानथोर सर्वजण 'सेन्सर' म्हणतात.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात मालमोटारीचे इंजिन आणून उभे करणे हा काही वाचकांस औचित्यभंग वाटेल. त्यांस आम्ही एवढेच स्मरण देतो की, मराठीतील एका अत्यंत लोकप्रिय मासिकाचा जन्म नांगरांच्या कारखान्यात झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीतील उजाड माळावर आपली वाडी वसविली, आणि तेथूनच १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढण्यास प्रारंभ केला. लोखंड आणि लेखणी यांचे आपल्या प्रांती इतके जुने सख्य आहे. त्यातून आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवीत आलो. आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते दिसावयास यंत्राविषयीचे असले, तरी त्यातला मुख्य प्रश्न प्रमाणशास्त्राचाच आहे.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. सांगली जिल्हा तरी साताऱ्यास परका कोठे आहे? जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके व विलीन झालेली संस्थाने मिळून १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यासच सांगली हे नाव मिळाले. या दोन्ही जिल्ह्यांस इंजिनाचे वेड पूर्वीपासूनच आहे. १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान झालेले सर धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोडला होता, आणि तेथून नांगरांच्या पाठोपाठ डिझेल इंजिनेही बाहेर पडू लागली. पुढे १९६२ साली किर्लोस्कर व अमेरिकेतील कमिन्स यांनी भागीदारीत पुण्यास मोठ्या इंजिनांचा कारखाना काढला. आणि आज सातारा जिल्ह्यातच, फलटण येथे, कमिन्सचे विस्तीर्ण कारखाना-संकुल उभे आहे.

कृष्णाकाठच्या मळ्यांतून पाणी खेचणारी ती जुनी एकसिलिंडरी इंजिने आमच्या पिढीने पाहिली आहेत. हातात हँडल घेऊन, झडप मोकळी करून, शेतकरी ती फिरवी आणि गती आली की झडप सोडून देई. मग साऱ्या शिवारात त्याचा ठोका ऐकू जाई. त्या इंजिनास स्वतःची अशी इंद्रिये नव्हती. त्याची इंद्रिये म्हणजे त्याचा मालकच. विहिरीपासून दोन शेते दूर असला तरी ठोक्यात पडलेला फरक त्याच्या कानास कळे. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली तळहात धरून तो इंजिनाची ऊब जोखी. धूर काळा आला तर तेल जास्त होते आहे, निळसर आला तर वंगण जळते आहे, पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे, असे अनुमान तो सहज करी. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाच्या कितीतरी पुढे आमचा हा शेतकरी गेला होता. कारण अग्नी आहे एवढ्यावर न थांबता, तो अग्नी कोणत्या प्रकृतीचा आहे हेही तो धुरावरून सांगे.

हल्लीच्या मालमोटारीचे इंजिन मात्र मनुष्याच्या कानाडोळ्यांवर विसंबून चालणे शक्य राहिलेले नाही. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात दर सेकंदास ७५ वेळा डिझेल पेट घेते, आणि प्रत्येक वेळी ते सेकंदाच्या काही सहस्रांशांत आत फवारले जावे लागते. हे डिझेल 'रेल' नावाच्या जाड नळीत आधीच दाबून ठेवलेले असते; तो दाब सुमारे १६०० बारपर्यंत, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सोळाशे पटींपर्यंत जातो. त्यातच धुरासंबंधीचे कायदे कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर नव्या गाड्यांस 'बी.एस. ४' आणि १ एप्रिल २०२० पासून 'बी.एस. ६' ही मानके लागू झाली. इंधन केव्हा, किती आणि कशा हवेत सोडावयाचे, व जळून गेल्यावर मागे काय उरले, याचा हिशेब क्षणोक्षणी ठेवल्यावाचून ही मानके पाळता येत नाहीत. म्हणून इंजिनास स्वतःची इंद्रिये द्यावी लागली.

येथे आपल्या जुन्या शास्त्रकारांची परिभाषा विलक्षण उपयोगी पडते. सांख्यांनी इंद्रियांचे दोन वर्ग केले: बाहेरची वार्ता आत आणणारी ती ज्ञानेंद्रिये, आणि आतली इच्छा बाहेर अमलात आणणारी ती कर्मेंद्रिये. मन हे अकरावे, आणि ते उभयात्मक. कारण ते एकांकडून ऐकते व दुसऱ्यांस आज्ञा देते. इंजिनाच्या कुशीस ॲल्युमिनियमच्या पेटीत बसविलेला जो संगणक असतो, ज्यास कारागीर 'ईसीएम' म्हणतात, ते या यंत्राचे मन होय. सेन्सर ही त्याची ज्ञानेंद्रिये आणि इंधनाचे नोझल, पंपावरील झडप इत्यादी त्याची कर्मेंद्रिये. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रियांस घोडे आणि मनास लगाम म्हटले आहे. दहा चाकांच्या रथासही ते रूपक बाधत नाही.

असा एक रथ आमच्या भाच्याने साताऱ्यास विकत घेतला. तासगावच्या बाजूचा बेदाणा आणि सांगलीची हळद मुंबईकडे पोहोचविण्याचा धंदा करावा, हा त्याचा मनोदय. गाडी २०१८ सालची, सहा सिलिंडरांची. रंग नवा, टायर बरे, कागदपत्र चोख. बँकेचे कर्ज आणि आमच्या भगिनीच्या पाटल्या एवढ्यावर व्यवहार पुरा झाला. परंतु दुसऱ्याच खेपेत खंबाटकीच्या चढावर गाडीने दम सोडला. आचके देत, रांगत ती कशीबशी माथ्यावर आली. समोरच्या तबकडीवर मात्र एकही दिवा लागला नव्हता. सर्व काही क्षेम असल्याचे गाडी सांगत होती आणि चालत तर नव्हती.

भाच्याने सांगलीस येऊन बॉनेटखाली पाहिले, तेव्हा त्यास तेथे एक जंगल दिसले. वायरिंगवर आजवर इतके हात फिरले होते की, तारांच्या रंगांवर विश्वास ठेवण्याची सोय उरली नव्हती. कोठे कपलर नुसतेच लोंबत होते, कोठे सेन्सर होता पण त्याचा कपलर नव्हता, कोठे दोन्ही असून मधल्या जोडास काळी टेप गुंडाळली होती. सेन्सरवरील अक्षरे तेल आणि उष्णता यांनी पुसून गेलेली. त्याने छायाचित्रे काढून चार ओळखीच्या लोकांस दाखविली, आणि चौघांनी एकाच वस्तूची चार नावे सांगितली. अंधगजन्यायात हत्ती एक व अवयव निरनिराळे, म्हणून आंधळ्यांची मते निरनिराळी. येथे तर एकच अवयव पाहून चार डोळस पुरुष चार निर्णयांस आले. याचे कारण उघड आहे. वंगणाचा दाब मोजणारा सेन्सर आणि डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर हे पुष्कळदा जुळ्या भावांसारखे दिसतात. रूपावरून ओळख पटावी अशी ही जातच नव्हे.

अखेर कुपवाडच्या बाजूस एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. रविवार असल्यामुळे भाच्यासमवेत आम्हीही गेलो. मिस्त्रींनी किल्ली फिरविली, इंजिन मात्र सुरू केले नाही; तबकडीकडे क्षणभर पाहिले आणि "दिवा लागला न्हाई" एवढेच ते पुटपुटले. दिवा लागला नाही ही चांगली गोष्ट नव्हे काय, असे भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मिस्त्रींनी खुलासा केला नाही. त्यांनी चहा मागविला आणि बरोबर एक मोठा पेला कढत पाणी आणावयास सांगितले.

भाच्याने मोबाइलवरील छायाचित्रे पुढे केली. ती त्यांनी पाहिली नाहीत. ते म्हणाले, "त्येचं तोंड बगू नका. त्यो बसलाय कुटं त्ये बगा, आन् त्येच्या नाकाम्होरं काय हाय त्ये बगा." आमच्या शास्त्रात ज्यास अधिकरण म्हणतात, त्याचे याहून सुबोध विवरण आम्हांस वर्गात कधी साधलेले नाही. वस्तूची ओळख तिच्या आकारात शोधावयाची नाही. तिला कशाची साक्ष देण्यासाठी तेथे उभे केले आहे, हे पाहावयाचे.

पहिलीच साक्ष डिझेलच्या फिल्टरच्या अगदी तळाशी मिळाली. तेथे दोन तारांचा एक लहानसा सेन्सर होता, आणि त्याचा कपलर काढून सुतळीने बाजूस बांधून टाकला होता. फिल्टरच्या तळाशी कशाची चौकशी असणार? पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसते. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते. दोन टोके तळाशी ठेवली आणि त्यांच्यामधून वीज वाहू लागली, म्हणजे पाणी तेथवर चढले असे समजावे. इतके कळल्यावर त्या वस्तूस कोणी काय नाव द्यावे हा प्रश्न गौण झाला. मिस्त्रींनी खालचा नळ सैल केला. पेलाभर गढूळ पाणी बाहेर आले, आणि मागाहून डिझेल. खंबाटकीवर गाडीने दम का सोडला, याचे अर्धे उत्तर त्या पेल्यात होते.

दुसरी कसोटी तारांच्या संख्येची. एक तार असेल तर तो बहुधा साधा खटका असतो, उदाहरणार्थ वंगणाचा दाब फार उतरल्यास दिवा लावणारा. वीज परत जाण्याचा मार्ग इंजिनाच्या अंगातूनच असतो. दोन तारा असतील तर उष्णता मोजणारा, किंवा तारेचे वेटोळे असलेला गतीचा सेन्सर. तीन तारा पुष्कळदा दाबाच्या सेन्सरास असतात: एकीने पाच व्होल्ट जातात, दुसरी परतीची, आणि तिसरीवरून साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत उत्तर येते. चार तारांचा सेन्सर टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या वाटेवर दिसला, तर तो त्या हवेचा दाब आणि उष्णता दोन्ही सांगतो.

मात्र येथे सावध राहावे लागते. तर्कशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात, त्यांतील अतिव्याप्तीचे उत्तम उदाहरण मिस्त्रींनी तेथल्या तेथे दाखविले. उच्च दाबाच्या पंपावर दोन तारांचे एक काळे बोंड होते. भाच्याच्या यादीत त्याची नोंद सेन्सर म्हणून झालेली होती. वस्तुतः ती पंपात किती डिझेल शिरू द्यावयाचे हे ठरविणारी झडप होती. ती काही सांगत नाही, सांगितलेले करते. म्हणजे ज्ञानेंद्रियांच्या यादीत एक कर्मेंद्रिय घुसले होते. तारा दोनच असल्या, तरी एकीकडे वार्ता वाहते आणि दुसरीकडे आज्ञा.

कढत पाण्याचा उपयोग तिसऱ्या कसोटीस झाला. थर्मोस्टॅटजवळ शेजारीशेजारी दोन सेन्सर होते, आणि दोघांचे काम एकच असेल तर दोन कशास, हे कोडे भाच्यास सुटत नव्हते. मिस्त्रींनी त्यांतला एक काढून मल्टिमीटरला जोडला. थंड असताना दोन हजार ओहमांच्या आसपास आकडा होता. त्याचे टोक पेल्यात बुडविताच तो आकडा झरझर उतरत तीनशेच्या घरात आला. उष्णता वाढली की ज्याचा विरोध घटतो अशा पदार्थाचा तो मणी होता. यांतला एक ईसीएमला वार्ता देतो आणि दुसरा केवळ तबकडीवरील काटा हलवितो. एक मनासाठी आणि एक मालकाच्या समाधानासाठी. जुन्या घडणीच्या कित्येक इंजिनांवर अशी दुहेरी व्यवस्था आढळते.

रेलच्या टोकाशी बसलेल्या सेन्सरास मात्र मिस्त्रींनी भाच्यास हात लावू दिला नाही. तो रेलमधील दाब मोजतो. इंजिन चालू असताना तेथला आटा सैल केला, तर सुईसारखी डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते, आणि तिला विनाविलंब शस्त्रवैद्याकडे न्यावे लागते. अपरिचिताची ओळख करून घेण्यापूर्वी त्यापासून किती अंतरावर उभे राहावयाचे हे ठाऊक असावे लागते, असा याचा इत्यर्थ.

फ्लायव्हीलच्या कवचावर एक सेन्सर होता, त्याने आम्हांस विशेष मोह घातला. त्याच्या नाकासमोरून दातेरी चक्र फिरते. पुष्कळ इंजिनांत या चक्रावर साठ दात्यांची जागा आखून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. अठ्ठावन्न दाते ओळीने जातात, मग एक खिंडार येते. त्या खिंडारावरूनच इंजिनाचा दांडा या क्षणी नेमक्या कोणत्या कोनात आहे हे ईसीएम जाणतो. जे आहे त्यावरून गती कळते आणि जे नाही त्यावरून स्थान कळते. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी म्हणून एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे. एखादी वस्तू जेथे दिसावयास हवी तेथे न दिसणे, हेही ज्ञानाचे साधन होय, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. मोटारीचे इंजिन या वादात निःसंशय मीमांसकांच्या बाजूस आहे.

शेवटची कसोटी स्कॅनरची. मालमोटारींत ईसीएम इतर भागांशी ज्या सर्वमान्य भाषेत बोलतो तिला 'जे-१९३९' असे नाव आहे, आणि तीत प्रत्येक गोष्टीस क्रमांक दिलेले आहेत: इंजिनातील पाण्याची उष्णता ११०, वंगणाचा दाब १००, टर्बोच्या हवेचा दाब १०२, रेलचा दाब १५७, डिझेलातील पाणी ९७. त्यापुढे दोषाचा प्रकार सांगणारा दुसरा आकडा येतो. ३ आला तर व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर, ४ आला तर प्रमाणाबाहेर खाली. मिस्त्री किल्ली चालू ठेवून संशयित सेन्सरचा कपलर काढीत. पडद्यावर ११० उमटला की कपलर परत बसवीत. तो दोष मिटलेल्यांच्या यादीत गेला की पुढच्याकडे वळत. यास आपल्याकडे अन्वयव्यतिरेक म्हणतात, आणि मिलसाहेबांनी आपल्या तर्कग्रंथात यासच मोठ्या प्रतिष्ठेने मांडले आहे. मिस्त्रींनी दोहोंपैकी एकाचेही नाव ऐकले नव्हते. तथापि दोन तासांत त्यांनी एक सोडून सर्व साक्षीदारांची ओळख पटविली.

तो उरलेला एक धुराच्या नळीवर, सायलेन्सरच्या पलीकडे होता. नळीत खुपसलेले एक जाड टोक, त्यास कायमची जोडलेली तार, आणि तारेच्या शेवटी स्वतःची एक छोटी पेटी. पेटीचा कपलर मोकळा होता. त्यात जावयाच्या चार तारा मात्र मोकळ्या नव्हत्या. त्या टेपखालून, आडवाटेने, काडेपेटीएवढ्या एका काळ्या डबीत शिरल्या होत्या. डबीवर नाव नव्हते. मिस्त्रींनी ती बोटांनी चाचपली आणि प्रथमच ते हसले. "हा सेन्सर न्हवं, सर. हा खोटा साक्षीदार."

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. इंजिनाच्या आतील प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती फुप्फुसांस अपायकारक असून, सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. त्यांचा नाश करण्यासाठी अशा गाड्यांत धुराच्या वाटेवर युरियाचे ३२.५ टक्के द्रावण फवारतात. त्यायोगे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते. हे काम होते आहे की नाही, हे नळीच्या टोकाचा सेन्सर पाहतो. त्यातील झिर्कोनियाची चकती सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवावी लागते. तापलेल्या चकतीवर पाण्याचा थेंब पडल्यास ती तडकेल, म्हणून तो नळीच्या वरच्या अंगास बसवितात. युरिया संपला किंवा हा सेन्सर बिघडला तर ईसीएम प्रथम दिवा लावतो आणि पुढे इंजिनाची ताकद कमी करतो. युरियास पैसे पडतात, सेन्सर महाग. तेव्हा कोणी एक युक्ती काढली: सेन्सर मोकळा करावयाचा, आणि त्याच्या जागी "सर्व काही ठीक आहे" असे अखंड सांगणारी डबी बसवावयाची. या गाडीच्या कोणा पूर्वीच्या मालकाने तेच केले होते. आणि डबीच्या साक्षीतही कधीमधी खंड पडे म्हणून तबकडीमागील धोक्याचा दिवाच मुका करून टाकला होता. किल्ली फिरविताच तो दिवा क्षणभर लागून विझावयास हवा. तो लागलाच नाही, यावरून मिस्त्रींस पहिल्या मिनिटात संशय आला होता. पुन्हा अनुपलब्धीच!

भाच्याने विचारले, "पण मामा, हे असेच राहू दिले तर काय बिघडते?" त्याचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे येथे नमूद करतो, कारण ते दुबळे नव्हते. अशा डब्या घेऊन रस्त्याने पुष्कळ गाड्या धावतात. पी.यू.सी.च्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची केवळ घनता पाहतात. ही ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत, म्हणून प्रमाणपत्र बिनबोभाट मिळते. नवा सेन्सर, युरियाच्या पंपाची दुरुस्ती, वायरिंग यांचा खर्च कर्जाच्या एका हप्त्याहून मोठा. पाटल्या सोडवावयाच्या आहेत. आणि हे कृत्य काही त्याने केलेले नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत असा मनमानी फेरफार करण्यास मनाई करते, हे आम्ही त्यास सांगितले. परंतु ज्याचा हप्ता महिनाअखेरीस तटला आहे त्याच्यापुढे कलम फार वेळ उभे राहत नाही, हे आम्ही जाणून होतो.

मिस्त्रींनी कायद्याचेही नाव काढले नाही आणि फुप्फुसांचेही. त्यांनी गढूळ पाण्याचा पेला उचलून भाच्यासमोर ठेवला. "ह्यो सेन्सर बोलला आस्ता, तर पैल्याच दिवशी दिवा लागला आस्ता. एकाचं तोंड दाबाय गेलं, आन् समद्यांचीच वाचा गेली." खरोखर सर्व प्रकरणाचे मर्म यातच होते. धोक्याचा दिवा सर्व ज्ञानेंद्रियांचा मिळून एक असतो. धुराची वार्ता नको म्हणून तो मुका केला. त्यासरशी पाण्याची, वंगणाची, उष्णतेची वार्ताही बंद पडली. पुढे कोणीतरी, लागतच नसलेल्या दिव्याचा सेन्सर कशास हवा म्हणून, फिल्टरचा कपलरही सुतळीने बांधून टाकला. ते पाणी रेलपर्यंत गेले होते. तपासाअंती एक नोझल गंजलेले निघाले. दुसऱ्याचीही अवस्था बरी नव्हती. आणखी दोनचार खेपा झाल्या असत्या तर पंपही गेला असता, आणि पंप जाणे म्हणजे त्या गाडीपुरता धंदाच जाणे.

आम्ही त्यास एकच प्रश्न विचारला: "उद्या ही गाडी तू विकशील, तेव्हा घेणाऱ्यास या डबीविषयी काय सांगशील?" तो बोलला नाही. साताऱ्यास गाडी दाखविताना विकणाऱ्याने त्यास काय काय सांगितले होते आणि काय सांगितले नव्हते, याचा तो मनाशी हिशेब करीत असावा.

गाडी नऊ दिवस कुपवाडास उभी राहिली. बेदाण्याच्या दोन खेपा दुसऱ्याच्या गाडीने गेल्या, आणि एक हप्ता थकला. त्याबद्दल बँकेची नोटीसही आली. पाटल्या अजून सुटल्या नाहीत. सर्व सुखरूप झाले असे लिहून वाचकांस निरोप देणे आम्हांस आवडले असते, परंतु व्यवहार तसा नाही. झाले ते एवढेच की, आता गाडी खरे बोलते. किल्ली फिरविताच दिवा दोन क्षण लागतो व विझतो, आणि तो विझेपर्यंत हँडलला हात लावावयाचा नाही, अशी सक्त ताकीद भाच्याने ड्रायव्हरास दिली आहे.

नवव्या दिवशी गाडी आणावयास गेलो तेव्हा भाचा बॉनेटखाली वाकून काही लिहीत होता. प्रत्येक सेन्सरच्या तारेवर त्याने पांढरी पट्टी चिकटविली होती, आणि न पुसणाऱ्या शाईने त्यावर नावे घालीत होता. सरकारी कोशात सेन्सरास 'संवेदक' असा शब्द आहे आणि तो चांगला आहे. पण भाच्याने तो वापरला नव्हता. त्याच्या पट्ट्यांवर 'डिझेलातले पाणी', 'तेलाचा दाब', 'हवा: दाब व ऊन', 'काट्यापुरता', 'मोठे चक्र', 'धुराचे नाक' अशी नावे होती, रेलवर तांबड्या शाईने 'चालू असता हात लावू नये'. पंपावरील त्या झडपेवर त्याने 'हा सेन्सर नव्हे' असेही लिहून ठेवले होते. तुला तर आता सर्व पाठ आहे, मग हे कोणासाठी, असे आम्ही विचारले. "माझ्यासाठी नव्हे, मामा," तो म्हणाला, "माझ्या मागून जो घेईल त्याच्यासाठी."